रस्ता रिकामा नव्हता

गेल्या अंकात एका साथीनं दोन पानं भरून लिहिलंय. २०२० च्या टाळेबंदीत तो पहाटे मोटारसायकल काढायचा, नाशिकच्या हायवेला लागायचा, कधी ठाण्याच्या खाडीपर्यंत तर कधी थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचा. कामधंद्यासाठी नाही. कुणाला औषध पोचवायला नाही. निव्वळ मौजेखातर. तो म्हणतो, जन्मात पहिल्यांदा हे शहर आपलं वाटलं. हॉर्न नाही, धूर नाही, सिग्नलला चिटपाखरू नाही. रस्ता रिकामा, आभाळ निळं. आणि शेवटाला सवाल टाकतो : एकटा माणूस, डोक्यावर हेल्मेट, वाऱ्यावर गाडी, त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

सांगतो कुणाच्या बापाचं गेलं ते.

लेख झकास आहे. शिवडीच्या खाडीवर उन्हं उतरतात ते वर्णन माझ्या डोक्यातून जाता जात नाही. म्हणून तर राग जास्त आला. भिकार लेख असता तर वडापाव बांधून टाकला असता. आणि हा एकटाच नाही. पाच वर्षं होऊन गेली तरी जो तो टाळेबंदीची आठवण निघाली की गळा काढतो. काय ती शांतता, काय ती हवा, मुंबईच्या रस्त्यावर मोर नाचत होते. फ्लॅटवाल्यांनी हे म्हणावं, त्यांचं ठीक आहे. आपल्या पत्रिकेत आपलाच माणूस ते गाणं म्हणायला लागला, तर कुणीतरी मध्येच उठून ‘बस कर’ म्हणायला पाहिजे की नको?

आधी दोन गोष्टी साफ करतो. मागाहून कुणी म्हणायला नको, गोदीतला हा मॅट्रिक पास गडी कीर्तनकार कधी झाला.

पहिली. मला मौजेचा राग नाही. दिवसभर जो पाठीवर ओझं घेतो त्याला मौज म्हणजे काय ते विचारा, तो कुठल्याही प्राध्यापकापेक्षा नीट सांगेल. आमच्या टोळीतल्या एकानं हप्त्यावर जुनी स्प्लेंडर घेतली तेव्हा सगळ्या वस्तीनं पेढे खाल्ले. आणि वाहन ही आपल्यात साधी चीज कधीच नव्हती. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावाला नि भाच्यांना घेऊन, बापाला भेटायला म्हणून मसूर स्टेशनात उतरला. जात कळल्यावर एक गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, वर अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, मालक बाजूनं चालणार. १९२९ साली तोच पोरगा बॅरिस्टर होऊन चाळीसगावला गेला. तरी टांगेवाला त्याच्यासाठी लगाम हातात धरायला राजी नव्हता. टांगा दिला, हाकणारा दिला नाही. वस्तीतल्या एका नवशिक्यानं हाकला, टांगा पुलापाशी आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आजही कुठंकुठं नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडतात. तेव्हा आपलं पोरगं बुलेट घेऊन गावच्या पारावरून जातं ती नुसती गाडी नसते, हे मला कुणी शिकवायला नको.

दुसरी. ‘घरात बसा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता ज्यांनी बाल्कनीत थाळ्या बडवल्या, त्यांना ‘घर’ शब्दाचा अर्थ तीन खोल्या असा माहीत होता. आमच्याकडं दहा बाय दहात सात-आठ माणसं. झोपायची पाळी लावतात, गोदीत लावतात तशी. संडास बाहेर, नळ बाहेर. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांना लागण होऊन गेलेली निघाली आणि बिगर-झोपडपट्टीत १६ जणांना. म्हणजे घरात बसून वाचायचं तर आधी घर लागतं. उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या पोरांना पोलिसांनी ढुंगणावर काठ्या घातल्या, ते मी पाहिलंय. मोकळ्या हवेची गरज साथीला होती तशी त्या पोरांनाही होती. त्यांच्याकडं गाडी नव्हती एवढंच.

आता रस्त्याकडं या.

२४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारा वाजल्यापासून देश बंद झाला. चार तास. चार तासात आमच्यासारखा माणूस रेशनच्या रांगेतून पुढं सरकत नाही. मग काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलं. भिवंडी, ठाणे, कल्याण, जिथं जिथं भाड्याची खोली होती तिथनं माणसं निघाली. मे महिन्यात तर नाशिकचा हायवे माणसांनी वाहत होता. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, पायात फाटकी स्लीपर. कसाऱ्याचा घाट चढून पुढं मध्य प्रदेश, तिथनं उत्तर प्रदेश. आपली मराठवाड्या-विदर्भाकडची माणसंही त्यांच्यात होती. ८ मे ला पहाटे औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, करमाडला मालगाडीखाली १६ मजूर चिरडले. जालन्याहून भुसावळकडं चालले होते. रस्त्यानं गेलो तर पोलीस अडवतील म्हणून रूळ धरला, गाड्या बंद आहेत अशा समजुतीनं थकून रुळावरच निजले. त्यांच्या भाकऱ्या रुळावर पसरलेल्या होत्या. तो फोटो साथीनं पाहिलाय, मला माहीत आहे. आम्ही तेव्हा त्यावर बोललो होतो.

तर मग रिकामा कसला रस्ता? माणूस दिसत नव्हता का? की साठच्या स्पीडला कडेची माणसं झाडांसारखी मागं सरकतात? साथी, तुझ्यासाठी डांबर मोकळं होतं ते त्या माणसाला रुळावर हाकलून मोकळं केलेलं होतं. सरकारनं रस्ता झाडला. झाडलेल्या रस्त्यावर तू गाडी फिरवलीस आणि म्हणतोस, शहर आपलं वाटलं.

आणि गाड्या काय तुझ्याच होत्या? २३ मार्चपासून लोकल बंद. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यकवाल्यांसाठी. सामान्य माणसासाठी फेब्रुवारी २०२१, ती पण ठरावीक वेळांना, आणि एप्रिलमध्ये पुन्हा दार बंद. मधल्या काळात विरार-बदलापूरहून लोक मोटारसायकलवर मुंबई गाठत होते. पावसात. खड्ड्यांतून. कंबरड्याचा भुगा. फ्लॅटवाल्याच्या दारात पिझ्झा टाकणारी पोरं मोटारसायकलवरच होती, आणि त्यांना लिफ्टमध्ये घेत नव्हते. नियम असा की दुचाकीवर एकट्यानंच बसायचं. आमचं गोदीचं काम अत्यावश्यक, जहाजं थांबत नाहीत, म्हणून आम्हाला जावंच लागायचं. स्प्लेंडरवाल्याच्या मागं बसून मी निघालो की नाक्यावर मला उतरवायचे. कंत्राटदारानं दिलेला कागद दाखवला तर हवालदार म्हणायचा, ‘ह्याच्यावर शिक्का कुठाय?’ मग मी चालत. साडेतीन-चार मैल. पोचेपर्यंत हजेरी गेलेली, अर्धी पाळी बुडाली. मुकादमाला सांगून उपयोग काय, तोही असाच कुणाच्या तरी कागदावर जगतो.

नाक्याचं शास्त्र मला चांगलं ठाऊक आहे. २८ जून २०२० ला मुंबई पोलिसांनी जाहीर केलं, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडं उगाच फिरायचं नाही. हजारो गाड्या जप्त झाल्या. एप्रिल २०२१ ला स्टिकरं निघाली : डॉक्टरच्या गाडीला लाल, भाजी-किराण्याला हिरवं, बाकी अत्यावश्यकाला पिवळं. आठवड्याभरात तीही गुंडाळली. मौजेचा रंग कुठल्याच यादीत नव्हता. पण नाक्यावर रंग कोण बघतो? गाडी बघतात, बूट बघतात, बोलणं बघतात. दोन लाखांच्या गाडीवर, जाकिटात, तोंडात थोडं इंग्रजी घोळवणाऱ्याला ‘सर, प्लीज’. आणि हातात डबा असलेल्याला ‘ए, इकडं ये’. साथीनं लिहिलंय की त्याला कुणी अडवलं नाही. नशीब म्हणतो. मी सांगतो, ते नशीब नव्हतं. त्याचा गोरा रंग आणि बँकेची नोकरी होती. रागावू नकोस.

आता त्याचा खरा मुद्दा, जो कच्चा नाही. वाऱ्यावर एकट्यानं गाडी हाकल्यानं रोग पसरत नाही. बरोबर. डॉक्टरांनीही मागाहून तेच सांगितलं, बंद खोलीत जास्त, मोकळ्यावर कमी. बाग-चौपाटी बंद करून लोकांना खुराड्यात कोंडलं हा अडाणीपणाच होता. हे सगळं मान्य. पण गाडी वाऱ्यावर चालते का? पेट्रोलवर चालते. पंपावरचा पोरगा दिवसाला शेकडो माणसांच्या नोटा हातात घेत होता. घाटाच्या पायथ्याला टपरीवाली बाई चोरून चहा देते, तिला तुझ्या पाच रुपयांची गरज आहे म्हणून ती नाही म्हणणार नाही. तिच्या गावात दवाखाना म्हणजे कुलूप. आणि ओल्या वळणावर गाडी घसरली तर? एकटा माणूस एकटा पडत नाही. त्याला उचलायला चार माणसं लागतात. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लागतो, तेव्हा तर तोच ड्रायव्हर चोवीस-चोवीस तास ऑक्सिजनवरची माणसं दारोदार फिरवत होता. रक्त लागतं, रक्तपेढ्या तेव्हा आटल्या होत्या. वॉर्डबॉय लागतो, आया लागते, रक्ताची लादी पुसणारा लागतो. तो कोण असतो? त्याचं आडनाव काय असतं? तो राहतो कुठं? हे या पत्रिकेच्या वाचकाला सांगावं लागू नये. मुंबईचा कचरा, मुंबईची गटारं, इस्पितळांच्या मोऱ्या, साथीत प्लास्टिकात गुंडाळलेली मढी, हे सगळं कुणाच्या हातांनी उचललं गेलं? कंत्राटातल्या सफाईवाल्याला मास्कसाठी भांडावं लागलं. तुझ्या मौजेचा विमा त्याच्या फुप्फुसावर काढला होतास. त्याला विचारलं होतंस का?

हे काही नवीन नाही. मुंबईला साथ नेहमी धक्क्यावरून आली असं म्हणतात. १८९६ साली प्लेग पहिला मांडवीत सापडला, गोदीच्या अंगाला, धान्याच्या वखारींत. त्याच्या पाठोपाठ १८९७ चा साथरोग कायदा आला आणि तोच म्हातारा कायदा २०२० साली पेटीतून काढून आपल्यावर चालवला. १९१८ चा इन्फ्लुएंझाही जहाजातून उतरला, जूनमध्ये गोदीवरचा पोलीस शिपाई पहिल्या आजाऱ्यांत होता. त्या साली मुंबईत मेले कोण? युरोपियन हजारी ८.३. सवर्ण हिंदू १८.९. ज्यांना कागदात ‘खालच्या जातीचे हिंदू’ लिहिलंय ते हजारी ६१.६. हा आकडा तोंडपाठ करा. हा जंतूचा आकडा नाही, खोलीचा आहे, पाण्याचा आहे, कामाचा आहे. आणि २०२० ची साथ? ती धक्क्यावरून आली नाही. ती विमानानं आली. आजारी पडलेल्याला दोष नाही, तो कुणीही असो. पण पासपोर्टावर आली आणि रेशनकार्डावर बसली, एवढं नोंदवून ठेवतो.

त्याच १८९७ साली सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या लोकांत काम करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेतलं आणि यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली, १० मार्चला गेल्या. साथीच्या दिवसांत बाहेर पडणं म्हटलं की मला ती पाठ आठवते. गोदीतला माणूस आहे, मला पाठीचं आधी कळतं.

आता जरा लांब जाऊ. साथीत मोटारसायकलची मौज करावी की नाही, हे भांडण अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झालं, आणि ते आपण नीट बघितलं नाही. आपल्या चळवळीनं १९७२ साली नाव उचललं ते तिथल्या काळ्या पोरांकडून, तेव्हा तिथं बघायची सवय आपल्याला आहेच.

साउथ डाकोटा म्हणून राज्य आहे. तिथं स्टर्जिस नावाच्या सातेक हजार वस्तीच्या गावात दर ऑगस्टला मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरते. २०२० साली तिचं ८० वं वर्ष. गावानं आपल्या लोकांना विचारलं तर शंभरात साठच्या वर लोक म्हणाले, यंदा पुढं ढकला. तरी जत्रा झाली. ७ ते १६ ऑगस्ट. रस्ते खात्यानं मोजल्या त्या गाड्या ४ लाख ६० हजारांच्या वर. मास्कची सक्ती नाही. दारू, गाणी, छात्या काढून फिरणं, स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून बोंबलणं. त्यातनं नक्की किती लागण झाली यावर पंडितांचं अजून जुंपलेलं आहे, त्यात मी पडत नाही. मला वेगळंच सांगायचंय.

ती जमीन कुणाची? ज्या काळ्या डोंगरांच्या कुशीत ही जत्रा भरते ते ब्लॅक हिल्स १८६८ च्या तहानं लाकोटा लोकांचे. १८७४ ला सोनं सापडलं, १८७७ ला सरकारनं डोंगर हिसकावले. १९८० साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की लाकोटांना भरपाई द्या, दहा कोटी डॉलरच्या वर. लाकोटांनी त्यातला छदाम उचलला नाही. म्हणाले, डोंगर विकायचे नाहीत. उपासमारीत राहणारे लोक, आणि पैसा व्याजासकट शंभर कोटी डॉलरच्या वर जाऊन सरकारी खात्यात पडून आहे. स्टर्जिसच्या शेजारीच त्यांचा पवित्र डोंगर, मातो पाहा, जिथं ते उपास धरून बसतात. त्याच्या पायथ्यापर्यंत दरवर्षी इंजिनांची घरघर.

एप्रिल २०२० मध्ये चेयेन रिव्हरच्या लाकोटांनी आपल्या हद्दीतल्या हायवेंवर नाके लावले. हद्दीत माणसं बारा हजार, इस्पितळात खाटा आठ, अतिदक्षतेची एक नाही. मोठं इस्पितळ तीन तासांवर. त्यांनी हिशेब साधा केला. ओग्लालांनीही नाके लावले. मे महिन्यात गव्हर्नरबाई क्रिस्टी नोम यांनी ४८ तासांची मुदत दिली, नाके काढा नाहीतर कोर्टात खेचते. नाके हलले नाहीत. आणि ऑगस्टमध्ये जत्रेला निघालेल्या बुलेट-हार्लेवाल्यांना चेयेन रिव्हरच्या नाक्यावर सांगितलं गेलं, इथनं वाट नाही, वळसा घाला. कामावर निघालेला जाऊ शकतो, आजारी जाऊ शकतो, सामान जाऊ शकतं. मौज जाऊ शकत नाही.

साथी, मला हा नाका बघायचा होता. ज्यांच्या पिढ्यांना राखीव हद्दीत कोंडलं, त्यांनीच रस्त्यावर उभं राहून स्वातंत्र्याची बोंब मारणाऱ्या गोऱ्याला विचारलं, कुठनं आलास, कशाला आलास? गाडीवाला म्हणत असेल, कुणाच्या बापाचं काय गेलं? तुझंच वाक्य. त्यांच्याकडं उत्तर तयार होतं. आठ खाटा.

लगेच कुणी म्हणेल, आपल्याकडंही गावांनी नाके लावले की. लावले. वेशीवर काटे टाकले, दगड रचले, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवलं. पण त्यातला जो आपल्या वस्तीतला होता त्याला पाणी आणून कोण देत होतं, आणि पाटलाच्या पुण्याच्या पाहुण्याची गाडी काटे बाजूला सरकवून आत कशी गेली, हे विचारलं की बरेच जण आभाळाकडं बघतात. म्हणून मी नाक्याचं कौतुक करत नाही. नाका कुणाच्या हातात आहे ते बघतो. हवालदाराच्या हातात असला तर तो माझा डबा अडवतो आणि तुझी मौज सोडतो. ज्याला मरायची पाळी आधी येणार त्याच्या हातात असला तर उलट होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. साथीत मौजेला गाडी काढायची नाही. पोलीस नको म्हणतो म्हणून नव्हे, त्याच्या बापाचा रस्ता नाही. ज्याला घरात कोंडलंय आणि ज्याला पोटासाठी बाहेर ढकललंय, त्या दोघांना जोवर तुझ्यासारखं वाऱ्यावर जाता येत नाही तोवर नाही. चौपाटी उघडा, मैदानं उघडा, झोपडीतल्या पोराला दिवसातून तासभर आभाळ द्या, यासाठी भांडू. त्या भांडणात मी तुझ्यापुढं चार पावलं असेन. ते सुटलं की तूही काढ, मीही मागं बसतो.

आणि गाडी गंजून पडेल अशी काळजी असेल तर गाडीला काम आहे. जलपायगुडीत करीमुल हक म्हणून चहामळ्यातला मजूर आहे. त्याची आई इस्पितळात न्यायला गाडी मिळाली नाही म्हणून मेली. त्यानंतर तो आजारी माणसं मोटारसायकलवर घालून दवाखान्यात पोचवायला लागला. सरकारनं २०१७ साली त्याला पद्मश्री दिली. मळ्याच्या वाटा म्हणजे चिखल, ॲम्ब्युलन्स फिरकत नाही, हा मागं माणूस बांधून जातो. त्याला वारा लागत नसेल का? डोंगर दिसत नसतील का? मला तर वाटतं चांगलेच दिसत असतील.

आपल्या शाखेत किती गाड्या आहेत? मोजल्यात कुणी? पुढची साथ येईल तेव्हा त्या कुणाच्या हाताखाली असणार, पेट्रोलचे पैसे कोण काढणार, बायांना पाळीवर कोण सोडणार, सिलिंडर कुठनं कुठं जाणार? येत्या बैठकीत हे घ्यावं असं मी लिहून देतोय. कागद हरवला म्हणायचं नाही, मी हा इथं छापून घेतलाय.

साथीनं उत्तर लिहावं. लांबलचक लिहिलं तरी चालेल, संपादक म्हणतो पुढच्या अंकात चार पानं मोकळी आहेत, कवितांचं काय ते बघू. फक्त लिहिताना एवढं करावं. मे महिन्यातल्या त्या पहाटे कसाऱ्याच्या अलीकडं, रस्त्याच्या डाव्या कडेनं, कोण कोण चालत होतं, किती पोरं होती, कुणाच्या पायात काय होतं, तेवढं आठवून लिहावं. शिवडीची उन्हं त्याला आठवतात, तर हेही आठवेल.